राखीव नमुना

"नमुना ठेवला का?"

असं विचारताना ते उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं एकमेकांवर घासायचे, चिमटीत एखादं बी धरलेलं असावं तसं. मान जरा वाकडी, नजर चष्म्याच्या वरून. तुम्ही नमुना ठेवलेला नाही हे त्यांनी आधीच धरलेलं असायचं. आता तुम्ही खोटं बोलता की खरं, एवढंच त्यांना बघायचं असायचं.

जालन्याच्या एमआयडीसीत, लोखंडाच्या रोलिंग मिलांच्या धुरात, एका बियाणं कंपनीची पत्र्याची शेड होती. दोन हजार सालानंतरची ती तीन-चार वर्षं. मी तिथं कॉम्प्युटर ऑपरेटर होते आणि ते लॅबमध्ये. लॅब म्हणजे एक खोली, एक लांब टेबल आणि कपाटाएवढं उबेचं यंत्र. प्रत्येक लॉटमधले शंभर दाणे मोजून ते ओल्या कागदात गुंडाळायचे, यंत्रात ठेवायचे आणि आठवड्याने गुंडाळी उलगडून किती उगवले ते मोजायचे. बाजरीचे शंभरात पंचाहत्तर तरी उगवले तर लॉट पास. पास झालेल्या लॉटचे टॅग मी कॉम्प्युटरवरून छापायचे, ते पोत्यांना शिवले की ट्रक निघायचा.

सगळे त्यांना मामा म्हणायचे. खरं नाव मी इथं लिहीत नाही. छापलेलं नाव बघून त्यांनी पहिला प्रश्न केला असता, "छापायला सांगितलं कोणी?"

आता हा नमुना म्हणजे काय, ते सांगते. प्रत्येक लॉटमधलं मूठभर बियाणं छोट्या कापडी पिशवीत घालायचं, दोरा बांधून गाठीवर लाखेची मोहोर मारायची, वर लेबल लावायचं आणि कपाटात ठेवून द्यायचं. उद्या कोणा शेतकऱ्याची तक्रार आली की ती पिशवी फोडून बघायची. याला राखीव नमुना म्हणायचे. सगळ्याच बियाणं कंपन्यांत ठेवतात, त्यात नवल काही नाही. नवल एवढंच की मामा सगळ्याच गोष्टींचा ठेवायचे.

एका दिवाळीला आमच्या वॉचमनच्या बायकोनं मोठ्या हौसेनं त्यांना अनारसे पाठवले. मामांनी एक खाल्ला, एक कागदात बांधला आणि कागदावर तारीख टाकली. ती बाई महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. चहावाला बदलला तेव्हा जुन्या चहाच्या पावडरीची पुडी करून ठेवली, आणि नवा चहा पहिल्यांदा प्यायल्यावर मला म्हणाले, "फरक हाय. बोलू नको, बघत राहा." तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. आपण त्याला हसतो, आणि सही करायच्या आधी त्यालाच कागद दाखवतो.

मी हसायचे, पण मनातल्या मनात चिडायचेही. मी कुंभार पिंपळगावची. कॉम्प्युटरचा कोर्स केला म्हणून जालन्यात मावशीकडे राहून नोकरी करायला वडिलांनी परवानगी दिली होती, तीही वर्षावर्षाच्या बोलीवर. "काही गडबड झाली की सामान बांधायचं अन् घरी यायचं," हे ते प्रत्येक रविवारी सांगायचे. घरी येण्याचा अर्थ मला ठाऊक होता. वडील दोन ठिकाणी स्थळं बघून राह्यले होते, आणि दोन्हीकडच्यांना कॉम्प्युटरवाली सून नको होती.

अशात हा माणूस दररोज सकाळी येऊन माझ्या खुर्चीमागे उभा राहायचा.

"कालचे आकडे दाखव."

"कालच दाखवले ना मामा?"

"काल दाखवले. मशीन बंद झाल्यावर ते कुठं गेल्ते?"

"आत. डिस्कमध्ये."

"तिथं कोण कोण जातं?"

मी पडद्यावर आकडे दाखवायचे, ते खिशातली चिठ्ठी काढून एकेक जुळवायचे, आणि सगळे जुळले की उलट जास्तच काळजीत पडायचे. मॅनेजरसाहेबांनी तेव्हा हुकूम काढला होता की आता कॉम्प्युटर आला आहे, लॅबच्या वह्या बंद. मामा आकडे सांगणार, मी टाइप करणार, बस्स. त्या दिवसापासून मामांचा चेहरा परीक्षेला बसवल्यासारखा झाला होता, आणि परीक्षा माझी आहे असं मला सारखं वाटायचं.

कॉम्प्युटरही असा की दर दोन महिन्यांनी त्याला व्हायरस लागायचा. फ्लॉपी घातली की लागला. बाजारातला दुरुस्तीवाला यायचा, विंडोज परत टाकायचा आणि जाताना म्हणायचा, "मॅडम, बाहेरची फ्लॉपी घालू नका." बाहेरची फ्लॉपी नाही घालायची तर मग काय लोणच्याला ठेवायची? माझं डोकं फिरायचं.

तेवढ्यात औरंगाबादला एका कॉलेजात कॉम्प्युटरचं एका दिवसाचं शिबिर होतं. कंपनीच्या मालकांनी, शेठनी, मला पाठवलं. तिथं विंडोजच्या जागी टाकायच्या लिनक्सबद्दल पहिल्यांदा ऐकलं. व्हायरस जवळपास नाही, कोणीही घ्यावी, कोणालाही वाटावी. संध्याकाळी कागदी पाकिटात घालून सगळ्यांना सीडी वाटल्या. एसटीत बसल्यावर मी ती सीडी तीनदा काढून बघितली. मला वाटत होतं, आता आपण कुणीतरी झालो.

दुसऱ्या दिवशी मामांनी ती सीडी दोन बोटांत कडेनं धरली आणि उजेडात फिरवली.

"केवढ्याला?"

"फुकट."

त्यांनी सीडी टेबलावर ठेवली आणि हात धोतराला पुसला.

"फुकट कोण देतं? बनवली कोणी?"

"जगभरच्या लोकांनी मिळून बनवली, मामा. हजारो लोकांनी."

"म्हणजे मिक्स माल." बियाण्याच्या धंद्यात याहून वाईट शिवी नाही. "मालक कोण?"

"मालक असा कोणी नाही."

"मंग तक्रार कोणाकडं करायची? पत्ता कोणाचा हाय यावर?"

मी शिबिरात ऐकलेलं ठेवणीतलं वाक्य काढलं. "यात लपवलेलं काही नसतं, मामा. आतलं सगळं उघडं असतं. कोणीही वाचून तपासू शकतं."

"तू वाचलं का?"

"मला नाही समजत ते."

"मंग तुला दाखवलं काय अन् न दाखवलं काय."

खरं सांगते, त्या वेळी मला त्यांचा इतका राग आला की दुपारचा डबा मी त्यांच्याबरोबर खाल्ला नाही. पण घरी गेल्यावर झोप लागेना, कारण त्यांच्या एकाही प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं.

मामांनी सरळ नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "उगवण बघू." आणि त्यांनी खरंच तसं केलं. गोदामात पडलेलं एक जुनं मशीन लॅबच्या टेबलावर मांडायला लावलं. मी त्यावर लिनक्स टाकली. मग मामांनी एका कागदावर शंभर कामं लिहून काढली. फाईल उघडणे. आकडा लिहिणे. आकडा पुसणे. पुसलेला परत आणणे. टॅग छापणे. आठ दिवस रोज सकाळी ते माझ्याकडून ती कामं करून घ्यायचे आणि शेजारी बसून बघायचे. एकदा काम चालू असताना त्यांनी उठून भिंतीवरचं बटणच बंद केलं.

"मामा! काय केलं हे?"

"लाईट जाणारच हाय. जाफराबादला रोज जाते." ते त्या बाजूचे होते. "बघू, परत उठते का."

मशीन उठलं. त्यांनी कागदावर बारीकशी खूण केली आणि चेहरा अजिबात हलू दिला नाही.

आठव्या दिवशी त्यांनी निकाल लिहिला. बियाण्याचा लिहितात तसाच. अठ्ठ्याहत्तर कामं उगवली. नऊ असामान्य, म्हणजे झाली पण वेडीवाकडी. पाच मेली, त्यात आवाज आणि फोनच्या तारेवरचं इंटरनेट. आठ कडक. कडक बी म्हणजे जे मेलेलं नसतं, पण लगेच उगवतही नाही. टॅगचा प्रिंटर आधी मेलेल्यात होता. सातव्या दिवशी मी कुठून कुठून शोधून तो चालू केला, तेव्हा मामांनी तिथं खोडून त्याला कडकमध्ये टाकला. मी म्हटलं, "मामा, चालतोय की तो, उगवल्यात घ्या." तर म्हणाले, "एकदा चालला. एकदा कोणीबी चालतं."

एका गोष्टीवर मात्र ते मनापासून खूश झाले होते. या लिनक्समध्ये प्रत्येकाचं खातं वेगळं, पासवर्ड वेगळा. त्यांच्या खात्यात लिहिलेलं माझ्या खात्यातून मला पुसता येत नव्हतं. मी करून दाखवलं. त्यांनी मलाच चार वेळा प्रयत्न करायला लावला.

"म्हणजे माझा आकडा कोणालाच बदलता येत न्हाई?"

इथं मी गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? पण जीभ वळवळली. "रूटला येतो. रूट म्हणजे सगळ्यात वरचं खातं. त्याला सगळं करता येतं."

"हे रूट कोणाकडं हाय?"

"माझ्याकडं."

मामांनी पडद्यावरची नजर काढून चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. मग एवढंच म्हणाले, "म्हणजे फिरून तूच."

मे महिना लागला. पेरण्या तोंडावर, गेटावर ट्रकांची रांग, आणि मोठ्या मशीनला पुन्हा व्हायरस. मॅनेजरसाहेब म्हणाले, टाकून टाका तुमची ती नवी, पण संध्याकाळपर्यंत टॅग निघाले पाहिजेत. त्या मशीनवर आमचे दोन हंगामांचे सगळे उगवणीचे आकडे होते. मी आकडे फ्लॉपीवर उतरवायला बसले. पहिली फ्लॉपी झाली. दुसरी झाली. तिसरीनं कर्र कर्र केलं आणि पडद्यावर चूक दाखवली. बाहेर ट्रकवाले हॉर्न देत होते.

"नमुना ठेवला का?" मामा दारात.

"ठेवते आहे."

थोड्या वेळाने परत. "नमुना ठेवला का?"

"हो मामा."

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझा तोल गेला. "ठेवला म्हटलं ना! किती वेळा तेच तेच?"

ठेवला नव्हता. ज्या दोन फ्लॉप्या झाल्या होत्या त्याही मी परत लावून बघितल्या नव्हत्या. मला वाटलं, लिनक्स टाकताना जुनं काही जात नाही. जुन्या मशीनवर टाकली तेव्हा त्यात काही नव्हतंच, मग गेलं काय नि राहिलं काय, मला कळणार कसं? सीडी सुरू झाली. तिनं इंग्रजीत विचारलं की डिस्कची वाटणी कशी करू, आणि चार पर्याय दिले. पहिला पर्याय नेहमी शहाण्यासारखा असतो असं मला का वाटलं, देव जाणे. मी पहिला दाबला. तो होता, सगळी डिस्क पुसून घ्या. निळी पट्टी हळूहळू भरत गेली आणि मी आरामात डब्यातली शेंगदाण्याची चटणी खात बसले.

मशीन नवं कोरं होऊन उठलं. सुंदर दिसत होतं. मी आकड्यांची फाईल शोधली. नव्हती. दुसरीकडे शोधली. फ्लॉप्या घातल्या, त्यातली एक उघडेचना आणि दुसरीत अर्धवट काहीतरी. दोन हंगामांचे आकडे गेले होते. आकड्यांशिवाय टॅग नाही, टॅगशिवाय ट्रक नाही, आणि ओल्या कागदातली उगवण पुन्हा बघायची तर आणखी आठ दिवस. तोवर दुकानदारांनी दुसऱ्या कंपन्यांचं बियाणं भरलं असतं. मला वडिलांचा आवाज ऐकू यायला लागला. सामान बांधायचं अन् घरी यायचं.

मामा आत आले. माझं तोंड बघूनच थांबले.

"गेलं का?"

मी मान हलवली.

"नमुना?"

"न्हाई ठेवला."

"मंग मघाशी खोटं बोलली."

"हो."

ते वळले आणि निघून गेले. मला वाटलं, गेले मॅनेजरकडे. आणि का जाऊ नयेत? तीन वेळा विचारलं होतं त्यांनी. मी डबा पिशवीत भरला. रडू येत होतं पण रडले नाही, कारण मॅनेजरसाहेबांसमोर रडायचं शिल्लक ठेवायचं होतं.

पाच मिनिटांनी मामा आले ते खाकी कागदाचं कव्हर घातलेल्या तीन जाड वह्या काखेत मारून. दार लोटून घेतलं आणि वह्या माझ्यासमोर ठेवल्या. जवळपास सगळे लॉट, सगळे आकडे, मागच्या हंगामापासून कालपर्यंतचे. वह्या बंद करायचा हुकूम झाला होता तरी हा माणूस रोज लिहीत होता. हुकूम मोडल्याचं साहेबांना कळलं असतं तर आधी त्यांचीच नोकरी गेली असती.

दारावर थाप पडली. बाहेर मॅनेजरसाहेब ओरडत होते, टॅग कुठे आहेत म्हणून. मामांनी दार चार बोटं उघडलं.

"टॅग दोन दिवस निघायचे न्हाईत. मी फेरतपासणी करून राह्यलो. मला काही आकड्यांचा संशय हाय."

"अहो मामा, ट्रक उभे आहेत!"

"उभे राहू द्या. माझी सही लागती ना? मी करीत न्हाई."

साहेब चरफडत गेले. मामांचा संशयीपणा साऱ्या कंपनीला पाठ होता, त्यामुळे कोणाला शंकाच आली नाही. माझी चूक त्यांनी स्वतःच्या बदनामीखाली झाकली, हे मला तेव्हा लगेच कळलंही नाही. मी नुसती बसले.

"बसून काय राह्यलीस? लिही."

ते वही वाचायला लागले, मी टाइप करायला. पहिल्या वहीचं पहिलं पान. पहिलाच लॉट, बाजरी, एक्केचाळीस सत्तावीस. त्याच्याखाली लाल रेघ.

"अडुसष्ट," मामा म्हणाले.

मी टाइप केलं आणि त्यांनी लगेच वाकून पडदा बघितला. दुसऱ्या कोणत्याही आकड्याला ते असं वाकले नाहीत. मी विचारलं, "मामा, वही या लॉटपासूनच का सुरू होते? हंगाम तर त्याच्या आधीच लागला होता."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"मागल्या साली मी अडुसष्ट सांगितल्तं. तुझ्या कागदावर शहाऐंशी छापलं होतं. नापास लॉट पास होऊन गेटावर गेल्ता."

मी हबकले. अडुसष्ट म्हणताना आठ आधी ऐकू येतो, आणि घाईत बोट आधी आठावर पडतं, मग सहावर. झालं शहाऐंशी. तसंच झालं असणार. ते बियाणं गेलं असतं तर कोणाच्या तरी रानात ओळीच्या ओळी मोकळ्या राहिल्या असत्या, आणि मला कधी कळलंही नसतं.

"मग? गेला तो लॉट?"

"गेटावरून फिरवला. ओल धरली म्हणून सांगितलं अन् बाद केला."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू दुरुस्त केलं असतं. मंग मला कसं कळणार, चुकून झालं का कोणी करायला लावलं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रोज सकाळी खुर्चीमागे उभं राहणं, चिठ्ठी काढून आकडे जुळवणं, "म्हणजे फिरून तूच." हे सगळं मशीनसाठी नव्हतं. माझ्यासाठी होतं. मघाशी उपकार वाटत होते ते सगळे विसरून मी उभी राहिले.

"वर्षभर तुम्ही मला चोर समजत होता, मामा? एका ताटात भाकरी खाऊन?"

"समजत न्हाई. तपासून राह्यलो."

"मग काय निकाल लागला?"

त्यांनी वहीचं पान उलटलं. "मुदत हाय अजून. लिही. एक्केचाळीस अठ्ठावीस."

मी रडत रडत लिहिलं. ते आकडे सांगत राहिले, एकदाही थांबले नाहीत, फक्त मध्ये एकदा पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचा लॉट झाला. लिनक्सवरून पहिला टॅग निघाला. मामांनी तो वहीशी जुळवला, उजेडात धरला आणि सही केली. ट्रक निघाले. साहेबांना त्या दोन दिवसांतलं खरं काय ते शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यानंतर मामांनी एक नवी अट घातली. लॅबच्या नमुन्यांच्या कपाटाला दोन कुलपं असायची. एक किल्ली त्यांच्याकडे, एक ऑफिसात. कोणी एकट्यानं कपाट उघडू नये म्हणून. तसंच त्या रूटचं करायचं. पासवर्डचा पहिला अर्धा त्यांचा, दुसरा अर्धा माझा. मी म्हटलं, असं जगात कोणी करत नाही. ते म्हणाले, "जगात बियाणंबी कोणी तपासत न्हाई."

तेव्हापासून रूटचं काहीही काम निघालं की मामांना बोलवायचं. ते यायचे, डोक्यावरची टोपी काढून कीबोर्डवर धरायचे आणि टोपीखालून एका बोटानं चार कळा दाबायचे. मग मी तोंड फिरवायला सांगून माझ्या चार दाबायचे. त्यांच्या टोपीचं बघून मीही ओढणी धरायला लागले. बघणाऱ्याला वाटलं असतं, दोघं मिळून काय दरोडा घालताहेत.

ते निवृत्त झाले तेव्हा शेठनी शाल-नारळ दिला. मामांनी नारळ सगळ्यांसमोर कानाशी हलवून बघितला. पासवर्डचा आपला अर्धा मात्र दिला नाही. "लागलं तर फोन कर, मी येतो." आणि ते खरंच यायचे. जाफराबादहून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून, येताना कधी हरभऱ्याचा ढाळा, कधी मक्याची कणसं घेऊन. फोनवर सांगा म्हटलं तर म्हणायचे, "तारेवर कोण कोण असतं." चहा प्यायचे, टोपी धरायचे, चार कळा, आणि परत. लिनक्सचं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही. "ती फुकटवाली काय म्हणती?" असंच विचारायचे. इतकी वर्षं चालली तरी अजून कुठंतरी काहीतरी निघेल, असा त्यांना भरवसा होता.

तोवर मी बरंच शिकले होते. एक गोष्ट त्यांना कधी सांगितली नाही, ती तुम्हाला सांगते. मशीनसमोर बसलेल्या माणसाला रूटचा पासवर्ड माहीत नसला तरी तो बदलता येतो. मशीन सुरू होताना दोन-तीन ओळी टाइप करायच्या की झालं. हे मला त्या मे महिन्यानंतर वर्षभरातच कळलं होतं. मामांना साठ किलोमीटरवरून बोलवायची काही एक गरज नव्हती. पण मी ते कधी केलं नाही. का केलं नाही, हे तेव्हा विचारलं असतं तर मी म्हणाले असते, म्हाताऱ्याला तेवढाच विरंगुळा. खरं म्हणजे त्यांनी निकाल दिला नव्हता ना. मी अजून तपासणीतच होते.

माझं लग्न झालं, जालन्यातच, माझ्या पसंतीनं. मामा आले. अक्षता पडल्यावर जवळ येऊन त्यांनी मला हळूच विचारलं, "चौकशी बराबर केली ना?" मी हसले. ते हसले नाहीत.

मग एका उन्हाळ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. आप्पा गेले म्हणाला, चार दिवस झाले. फोन ठेवताना तो म्हणाला, "ताई, आप्पांनी तुम्हाला निरोप द्यायला सांगितल्ता. खालचा कप्पा, ज्वारीच्या मागं. म्हणे, तिला कळंल."

आता कपाटाच्या दोन्ही किल्ल्या माझ्याकडेच होत्या. खालच्या कप्प्यात ज्वारीच्या जुन्या नमुन्यांची रांग होती. ती बाजूला केली तर मागे एक कापडी पिशवी, दोरा बांधलेली, लाखेची मोहोर शाबूत. लेबलावर लॉट नंबरच्या जागी माझं नाव, आडनावासकट.

मी मोहोर फोडली. आत माझ्याच प्रिंटरचा एक पिवळा पडलेला कागद होता. बाजरी, एक्केचाळीस सत्तावीस, शहाऐंशी. शहाऐंशीभोवती लाल गोल. या एका कागदावर त्यांना मला कधीही घरी पाठवता आलं असतं. कागदाच्या खाली त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: "चूक घाईची. लबाडी नाही. फेरतपासणी: पास." खाली सही आणि तारीख. तारीख त्याच मे महिन्यातली, आम्ही शेवटचा लॉट टाइप केला त्या दिवसाची.

म्हणजे "मुदत हाय अजून" म्हणाल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी निकाल लिहून टाकला होता. आणि त्यानंतर कितीतरी वर्षं भेटतील तेव्हा मला "नमुना ठेवला का?" विचारत राहिले. असा राग आला मला त्यांचा, आणि अशी माया आली, की मी तिथंच कपाटासमोर फरशीवर बसले आणि मोठ्यानं रडले. या वेळी कोणासाठी शिल्लक ठेवायचं नव्हतं.

पिशवीत तळाला आणखी एक चिठ्ठी होती. चार आकडे. चार, एक, दोन, सात. त्यांचा पासवर्डचा अर्धा. माझ्या चुकीच्या लॉटचा नंबर ते इतकी वर्षं माझ्यासमोर टोपीखालून दाबत होते, आणि तो लिहून माझ्याच नावाच्या पिशवीत, माझ्या हाताला लागेल अशा कप्प्यात ठेवून दिला होता.

मी मशीनशी जाऊन बसले. पासवर्ड बदलायला हवा होता, एकटीचाच करायला हवा होता. नाही बदलला. अजूनही तोच आहे. रूटचं काम निघालं की आधी त्यांचे चार आकडे, मग माझे चार. त्यांचे दाबताना मी डाव्या हातानं कीबोर्ड झाकून धरते. खोलीत दुसरं कोणी नसतं.